हृदयोपचार : घाई कोणासाठी?

आत टेबलावर रुग्ण, बाहेर बाकावर त्याचा मुलगा. अँजिओग्राफी चालू असतानाच दार उघडते आणि सांगितले जाते, "ऐंशी टक्के अडथळा आहे, स्टेंट आताच घालून टाकू, येथे सही करा." मध्यमवर्गीय घरांना हा प्रसंग आता अपरिचित राहिलेला नाही. त्या क्षणी नकार देण्याचे धैर्य कोणत्या मुलाला होईल? परंतु ही सही खरोखर इतकी तातडीची असते काय?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या हृद्रोहिणी अरुंद झाल्या, तर पायातील शीर जोडून रक्ताला पर्यायी वाट देण्याचे तंत्र रेने फावालोरो यांनी 1967 मध्ये क्लीव्हलँड येथे रूढ केले. पुढे 1977 मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी छाती न उघडता, नळीच्या टोकावरील फुग्याने रोहिणी रुंद करून दाखविली. भारतात पहिली बायपास 1975 मध्ये मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. मात्र फुग्यामागोमाग धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आला आणि तराजूचे पारडे फिरले. आज देशात अँजिओप्लास्टीची संख्या बायपासहून कितीतरी अधिक आहे. अमेरिकेत नव्वदीच्या दशकाअखेर बायपास कमी होऊ लागल्या, आणि 2005 नंतरच्या काळात अँजिओप्लास्टीलाही ओहोटी लागली. भारतात मात्र तिचा आलेख चढताच राहिला.

अमेरिकेतील या ओहोटीस 2007 च्या 'करेज' अभ्यासाने बळ दिले. ज्यांचा आजार स्थिर आहे, अशांना औषधोपचाराच्या जोडीला स्टेंट घातला तरी मृत्यू वा हृदयविकाराचा झटका टळण्याचे प्रमाण वाढत नाही, असे त्यात आढळले. 2019 मध्ये जाहीर झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात पाच हजारांहून अधिक रुग्ण होते, त्यांत भारतीयही होते. निष्कर्ष बहुतांशी तोच निघाला. छातीतील कळ स्टेंटने अधिक कमी होते, हे खरे, आणि कळ सोसणाऱ्याला ते थोडे नव्हे. रोहिणीच्या मुख्य खोडातच अडथळा असेल वा हृदय दुबळे झाले असेल, तर गोष्ट निराळी.

मधुमेह्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. अनेक रोहिणी बाधित असलेल्या मधुमेही रुग्णांत औषधयुक्त स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरते, असे 2012 च्या 'फ्रीडम' अभ्यासाने दाखविले. मधुमेह घरोघरी पोचलेल्या आपल्या देशात तरी शल्यविशारदाचे मत घेतल्यावाचून टेबलावरच निर्णय होऊ नये. पण छाती उघडण्याची भीती आणि 'दोन दिवसांत घरी' हे आश्वासन यांपुढे शास्त्र हतबल ठरते.

किमतीचा भाग वेगळाच. फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली. त्यापूर्वी याच वस्तूसाठी रुग्णाला लाखाहून अधिक मोजावे लागत. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु जाळीची किंमत बांधता येते, ती घालण्याचा मोह कोणत्या आदेशाने बांधणार?

आणि ज्याला खरोखर घाई आहे, तो कोठे असतो? रोहिणी अकस्मात पूर्ण बंद पडते तेव्हा प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. अशा वेळी तातडीची अँजिओप्लास्टी प्राण वाचविते. पण ती दोन तासांच्या आत व्हावी लागते. भामरागडच्या शेतकऱ्याने नागपूर गाठेपर्यंत ती वेळ केव्हाच टळून जाते. त्याच्यासाठी गुठळी विरघळविणारे इंजेक्शन आणि हृदयालेख वाचू शकणारा माणूस जवळच्या ग्रामीण रुग्णालयात हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने अँजिओप्लास्टी आणि बायपास गरिबाच्या आवाक्यात आणल्या, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. स्टेंट टाळून गोळ्यांवर राहणाऱ्या कारकुनाचे दरमहाचे औषधांचे बिल बहुधा त्याच्याच पगारातून जाते.