दोन सेल, एक मोटर आणि कागदी पेला : घरच्या घरी पहिला यंत्रमानव

समता कॉलोनी, रायपूर : मे महिन्यात रायपूरचा पारा ४० अंशांच्या पुढे गेला की समता कॉलोनीतील रस्ते दुपारी ओस पडतात आणि सुटीतील मुले चार भिंतींच्या आत अडकून राहतात. अशा एका दुपारी, जुन्या खेळण्यातील मोटर, दोन पेन्सिल सेल आणि एक कागदी पेला एवढ्या साहित्यातून मुलांना स्वतःच्या हाताने एक चालते यंत्र तयार करता येते. हे यंत्र कागदावर थरथरत फिरते आणि मागे रंगीत रेषा सोडत जाते. त्यासाठी संगणक लागत नाही, महागडा संच लागत नाही आणि मोटर व सेल विकत आणले तरी खर्च साधारणपणे शंभर ते दीडशे रुपयांच्या आत राहतो.

छत्तीसगडवर एकेकाळी नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि पुढे रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा भाग होते. त्यामुळे या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांचे महाराष्ट्र मंडळ समता कॉलोनीशेजारच्या चौबे कॉलोनीत आहे. या कुटुंबांतील बहुतेक मुले शाळेत विज्ञान हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. घरी यंत्र जुळवताना मात्र घट, परिपथ, खटका, घर्षण हे शब्द मराठीतून सहज कानावर पडू शकतात. महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांना या खेळाचा हा एक अधिकचा लाभ आहे.

साहित्य

खेळण्यातील छोटी मोटर (३ व्होल्टवर चालणारी), १.५ व्होल्टचे दोन पेन्सिल सेल, ते बसवण्याचा प्लास्टिकचा होल्डर, एक लहान स्विच, दोन-तीन वायरचे तुकडे, कागदी किंवा प्लास्टिकचा पेला, तीन स्केचपेन, चिकटपट्टी आणि खोडरबराचा एक तुकडा. मोडलेल्या खेळण्यातील मोटर बहुधा चांगली असते. खेळणे बंद पडते ते अनेकदा तुटलेल्या वायरमुळे किंवा गंजलेल्या पट्टीमुळे. त्यामुळे विकत आणण्यापूर्वी घरातील जुन्या खेळण्यांचा डबा पाहणे इष्ट ठरते.

जोडणीचा क्रम

पेला उपडा ठेवून त्याच्या बाहेरील बाजूस तीन स्केचपेन समान अंतरावर, टोके खाली करून चिकटवावेत. हे यंत्राचे पाय होत. पेल्याच्या बुडावर, म्हणजे आता वर आलेल्या भागावर, मोटर आडवी चिकटवावी. तिचा दांडा पेल्याच्या कडेबाहेर मोकळा राहिला पाहिजे.

खोडरबराचा तुकडा दांड्यावर खोचताना तो मधोमध न खोचता एका टोकाजवळ खोचावा. सर्व गंमत या एका कृतीत आहे. त्यानंतर सेल होल्डरची एक वायर मोटरच्या एका टोकाला आणि दुसरी स्विचमधून मोटरच्या दुसऱ्या टोकाला जोडावी. वायरवरील आवरण मोठ्या माणसाने सोलून द्यावे. लहान मुलांच्या हाती गरम सोल्डरिंग देण्याचे कारण नाही. वायर पिळून वर चिकटपट्टी लावल्यास काम भागते. स्केचपेनची टोपणे काढून यंत्र मोठ्या कागदावर ठेवावे आणि स्विच दाबावा.

ते का चालते?

मोटरच्या आत चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून वीज वाहू लागली की तेही चुंबकासारखे वागते आणि बाहेरच्या चुंबकाशी होणाऱ्या ओढाताणीत फिरू लागते. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर विजेची दिशा उलटवणारी योजना दांड्यावरच असते. म्हणून फिरणे थांबत नाही.

खोडरबर मधोमध खोचला असता तर मोटर शांतपणे फिरली असती. तो एका बाजूला जड असल्याने प्रत्येक फेऱ्यात मोटरला, पर्यायाने पेल्याला, आळीपाळीने वर आणि खाली हिसका बसतो. वरच्या हिसक्याच्या क्षणी पायांवरील भार कमी होतो, कागदाशी होणारे घर्षण घटते आणि पाय घसरतात. खालच्या हिसक्याच्या क्षणी ते पुन्हा पकड घेतात. सेकंदाला अनेकदा घडणाऱ्या या घसरणे-धरणे या क्रियेतून यंत्र पुढे सरकते. व्हिडिओ गेमच्या हातातील रिमोटला येणारी थरथर याच तत्त्वावर चालणाऱ्या छोट्या मोटरीतून येते.

चालले नाही तर

पहिल्याच प्रयत्नात यंत्र चालेल असे नाही, आणि न चालणे हाच या उपक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. येथे पालकांचा हात चटकन पुढे जातो. तो आवरला पाहिजे. बंद यंत्रातील दोष मुलाने स्वतः शोधला, तर परिपथ म्हणजे काय हे त्याला पुन्हा शिकवावे लागत नाही. मोठ्यांनी दोष दूर करून दिला, तर मुलाच्या हाती केवळ आणखी एक खेळणे उरते.

दोष शोधण्यास क्रम असावा. मोटर फिरतच नसेल तर आधी ती स्विचशिवाय थेट होल्डरच्या वायरींना लावून पाहावी. फिरली, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या जोडणीत आहे. तरीही न फिरल्यास सेल पाहावेत : दोन्ही सेल उलटसुलट दिशेने बसले आहेत का, म्हणजे एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाशी जोडले जाते का? दोन्ही योग्य बसले तर १.५ आणि १.५ मिळून ३ व्होल्ट मिळतात; एक चुकीच्या बाजूने बसला तर दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात. सेल ठीक असतील तर वायरचे आवरण पुरेसे सोलले आहे का, ते तपासावे.

मोटर फिरते पण यंत्र जागचे हलत नाही, तेव्हा भार अपुरा असतो. खोडरबराचा मोठा तुकडा घ्यावा. यंत्र आडवे पडत असेल तर पाय अधिक फाकवावेत आणि सेल पेल्याच्या मधोमध आणावेत. ते एकाच जागी गोल फिरत असेल तर एक पाय किंचित वर-खाली करून पाहावा.

प्रत्येक वेळी एकच बदल करावा आणि काय घडले ते वहीत लिहावे. एकदम तीन बदल केले तर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही. सेलच्या वायरींची अदलाबदल केली तर मोटर उलटी फिरते. मग कागदावरील रेषांचे वळणही उलटते का? गुळगुळीत फरशीवर आणि सतरंजीवर एकाच यंत्राची चाल वेगळी का? अशा प्रश्नांची उत्तरे मुलांना यंत्राकडूनच मिळतात.

हा खरोखर यंत्रमानव आहे काय?

काटेकोर अर्थाने नाही. 'रोबो' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या 'आर.यू.आर.' या १९२० मधील नाटकातून जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार असा आहे. आज मात्र ज्या यंत्राला भोवतालची जाणीव होते आणि त्या जाणिवेनुसार जे आपली हालचाल बदलते, त्यालाच तंत्रज्ञ यंत्रमानव म्हणतात. पेल्याचे यंत्र भिंतीवर आदळले तरी त्याला त्याचा पत्ता नसतो. मुलांना हे सांगण्यात कमीपणा नाही. उलट त्यातून पुढची पायरी दिसते.

ती पायरीही संगणकाशिवाय चढता येते. १९४८-४९ च्या सुमारास ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाने 'एल्मर' आणि 'एल्सी' नावाची दोन यांत्रिक कासवे तयार केली होती. प्रकाश ओळखणारा एक घटक, स्पर्श ओळखणारी एक जोडणी आणि दोन व्हॉल्व्ह एवढ्यावर ती प्रकाशाकडे जात आणि अडथळ्यांना वळसा घालत.

बारा वर्षांवरील मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली याहून सोपा प्रकार करता येतो. त्यात दोन मोटरी, दोन सेल आणि तीन टोकांचे दोन छोटे स्विच लागतात. मोटरींचे दांडे तिरपे ठेवून जमिनीला टेकवले की तेच चाकांचे काम करतात. स्विचला तारेच्या मिशा जोडून त्या झुरळासारख्या पुढे काढतात. प्रत्येक मोटरचे एक टोक दोन सेलच्या मधल्या सांध्याला आणि दुसरे स्विचच्या मधल्या टोकाला जोडले जाते. एरवी मोटर एका सेलवर पुढे फिरते. स्विच दाबला गेला की ती दुसऱ्या सेलवर उलटी फिरते. उजवी मिशी डाव्या मोटरला आणि डावी मिशी उजव्या मोटरला जोडायची. उजवीकडे भिंत लागली की डावी मोटर मागे फिरते आणि यंत्र डावीकडे वळून भिंतीपासून दूर जाते. जाणीव आणि तिला प्रतिसाद, दोन्ही येथे आले.

काडेपेटीपासून प्रयोगशाळेपर्यंत

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकण्याची परंपरा या भागाला नवी नाही. १९७२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमधून प्रयोगाधारित विज्ञान शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. छत्तीसगड वेगळे झाले ते १ नोव्हेंबर २००० रोजी, तोपर्यंत रायपूरही त्याच राज्यात होते. पुण्यातील ट्रक कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन या उपक्रमात दाखल झाले. काडेपेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी तयार केलेल्या आकृत्या पुढे देशभर पोहोचल्या. २००३ पासून सुमारे ११ वर्षे ते पुण्यातील 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी खेळणी तयार करीत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे यांची त्यांची मोटर अनेक शाळांत केली जाते. मोटर आतून कशी असते हे पाहायचे असेल तर तिच्यासारखे साधन नाही.

केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांमध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू केल्या आणि त्यांची संख्या १० हजारांवर गेली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा करण्यात आली. प्रयोगशाळेतील साधने उत्तम असतात. परंतु यंत्र मोडेल या भीतीशिवाय हाताळण्याची सवय घरीच लागते.

ही काळजी आवश्यक

या उपक्रमासाठी पेन्सिल सेलच वापरावेत. रिमोट, घड्याळ आणि दिव्याच्या खेळण्यांत असणारे नाण्यासारखे चपटे सेल लहान मुले असलेल्या घरात वापरू नयेत. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. अशी शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता मुलाला तात्काळ रुग्णालयात न्यावे.

जुन्या मोबाइलची किंवा पॉवर बँकची लिथियम बॅटरी काढून वापरणे धोक्याचे आहे. सेलची दोन टोके वायरने थेट जोडू नयेत. वायर आणि सेल तापून चटका बसू शकतो. मोटर अडकून थांबली असेल तर स्विच लगेच बंद करावा. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी या यंत्राचा कोणताही संबंध येऊ देऊ नये. वापरलेले सेल आगीत टाकू नयेत, ते वेगळे साठवून ई-कचरा संकलनात द्यावेत. खेळ संपल्यावर सेल काढून ठेवावेत. त्यामुळे ते पाझरून होल्डरच्या पट्ट्या गंजत नाहीत.

यंत्र मोडले तरी मोटर, होल्डर आणि स्विच जपून ठेवावेत. पुढच्या दुपारच्या यंत्रासाठी तेच साहित्य पुरते.