पहिल्या मीटिंगला जाताना

दारू सोडायला निघालेल्या माणसाला सगळ्यात जड जातो तो मीटिंगच्या खोलीचा दरवाजा. ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘ए.ए.’, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. बिल आणि डॉ. बॉब या दोन मद्यपींनी ती उभी केली. आज महाराष्ट्रात आणि गोव्यातही तिचे गट आहेत. फी नाही, नावनोंदणी नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. गटाच्या मीटिंगला खोलीत खुर्च्या मांडलेल्या असतात. एकजण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि आपली हकिगत सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नवख्याने नुसतं ऐकलं तरी चालतं. शेवटी पिशवी फिरते, ऐच्छिक वर्गणी.

‘खुल्या’ मीटिंगला घरचे येऊ शकतात, ‘बंद’ फक्त मद्यपींसाठी. बायको-आईवडिलांसाठी अल्-अनॉन हे वेगळे गट आहेत. घरच्यांनी तिथे जरूर जावं, पिणारा तयार नसला तरीही.

पत्ता मिळवायला ए.ए.चं संकेतस्थळ, जवळचं व्यसनमुक्ती केंद्र किंवा सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६. पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रातही विचारता येईल. पहिला गट रुचला नाही तर दुसरा पाहावा.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटावं. अचानक थांबवल्यावर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो, कधी जिवावरही बेततं. मीटिंग हा त्यावरचा उपचार नाही.