शिक्षेची वर्षं आणि पुराव्याचं ओझं

बलात्काराच्या कायद्यावर संसदेत जेव्हा जेव्हा चर्चा झाली, तेव्हा सभागृहाचा आवाज एकाच प्रश्नावर चढला : शिक्षा किती? सात वर्षं, दहा वर्षं, जन्मठेप, फाशी. या चर्चा वाचण्याचा मला जुना नाद आहे. यवतमाळात बसून त्या वाचताना एक मत पक्कं होत गेलं. आपल्याकडच्या बाईला आकड्यांनी फारसं तारलं नाही. तिला हात दिला तो संमती होती की नव्हती हे कुणी सिद्ध करायचं, ते सांगणाऱ्या रुक्ष कलमांनी. त्यांच्यावर सभागृहं कधी फार रंगली नाहीत.

आधीचा इतिहास थोडक्यात उरकतो. १८६० च्या दंडसंहितेत संमतीवय दहा होतं. १८९१ मध्ये ते बारा झालं आणि टिळक व सुधारक यांच्यात रण पेटलं. १९२५ मध्ये ते चौदा झालं (विवाहात तेरा) आणि १९४९ मध्ये सोळा (विवाहात पंधरा). त्यात आपल्या विदर्भाचा वाटा मोठा, म्हणून एवढं सांगायलाच हवं : १९२८ च्या संमतीवय समितीचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी होते आणि मध्यवर्ती कायदेमंडळात याविषयी विधेयकं आणणारे हरिसिंग गौर हे नागपूरचे बॅरिस्टर.

आता देसाईगंज. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. देसाईगंज आज गडचिरोलीत आहे. तेव्हा ते आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात होतं. त्या मुलीचं नाव देशभर माहीत आहे, कायद्याच्या पुस्तकांतही छापलेलं आहे. मी ते इथे लिहीत नाही. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरवणारं कलम तिच्याच खटल्यामुळे आलं, पण तिच्यासाठी फार उशिरा. १९७४ मध्ये सत्र न्यायालयानं आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना दोषी धरलं, आणि त्या निकालातला विचार मला विदर्भाच्या न्यायालयीन इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो : भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे उलटवलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नाही. विरोध नाही, म्हणजे संमती.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुंबईत बायका रस्त्यावर आल्या, नागपुरात कार्यकर्त्या सीमा साखरे उभ्या राहिल्या. १९८० मध्ये विधेयक आलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि १९८३ मध्ये मंजूर झालं.

या १९८३ च्या कायद्यावर मी कितीही वेळ बोलू शकतो. बलात्काराला किमान सात वर्षं आणि पोलीस कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षं ठरली, याचंच कौतुक झालं. पण त्याच कलमात एक पळवाट होती : 'पुरेशी आणि विशेष कारणं' नोंदवून न्यायाधीश शिक्षा कमी करू शकत होते. हरियाणातल्या पोलिसांच्या खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दहाची पाच वर्षं केली, आणि कारण म्हणून मुलीच्या वागणुकीकडे बोट दाखवलं. पीडितेचं 'चारित्र्य' उकरून तिची साक्ष खोटी पाडू देणारं पुरावा कायद्यातलं पोटकलमही १९८३ मध्ये जसंच्या तसं राहिलं. ते गेलं २००२ मध्ये. आकडा वाढवला आणि हत्यार आरोपीच्या वकिलाच्या हातात तसंच ठेवलं!

तरी त्या कायद्यात खरं सोनं होतं, ते म्हणजे पुरावा कायद्याचं कलम ११४-अ. शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयानं ती नव्हती असंच गृहीत धरायचं. आरोपीला ते खोडून काढायची संधी आहे, पण ओझं त्याच्या डोक्यावर. मात्र ही सवलत पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग-रुग्णालयातले कर्मचारी, गर्भवतीवरचा आणि सामूहिक बलात्कार एवढ्यापुरतीच होती.

ठेकेदार त्या यादीत नव्हता. हे मला यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीत कळलं. मुकुटबनच्या पुढे कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, मी बऱ्याचदा गेलो आहे. तिथल्या 'कुमारी मातां'च्या बातम्या कित्येक वर्षं येतात. रस्त्याच्या, जंगलाच्या कामावर बाहेरून माणूस येतो. मजुरी त्याच्या हातात, उधारी त्याच्या हातात. काम संपतं, तो निघून जातो, मुलगी बाळासह पोडावर राहते. अशा एका अंगणात बसलो असताना मुलीच्या आईनं मला गुन्ह्याचं, शिक्षेचं काहीच विचारलं नाही. बाळाच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लावायचं, एवढंच तिनं विचारलं. मुलगी अठराच्या आतली असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यात संमतीचा प्रश्नच उरत नाही. पण घरी जन्मलेल्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलीचं वय सिद्ध कशानं करायचं?

२०१३ मध्ये हे चित्र बदललं. दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं २९ दिवसांत अहवाल दिला आणि सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे गृहमंत्री असताना १९ मार्चला लोकसभेनं विधेयक मंजूर केलं. चर्चेत खासदार शरद यादव यांनी मुलींचा पाठलाग आपल्यातल्या कुणी केला नाही, असा सवाल केला. ते वाचून मला आजही संताप येतो. वैवाहिक बलात्काराचा अपवाद काढण्याची समितीची शिफारस तर सरकारनं स्वीकारलीच नाही. पण 'पुरेशी आणि विशेष कारणं' ही पळवाट गेली. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानायची नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. नागपूर खंडपीठाचा विचार ३७ वर्षांनी कायद्यात उतरला. आणि स्त्रीवर नियंत्रण किंवा वर्चस्व असलेल्या माणसानं केलेला बलात्कार ११४-अ च्या यादीत आला. ठेकेदार इथे सापडतो. बाळाच्या डीएनए चाचणीनं संबंध सिद्ध होतो आणि पुढचं ओझं त्याच्यावर जातं. पोडावरच्या प्रकरणाची एफआयआर निघाली, की ते उपकलम त्यात लिहिलंय का, हे मी ओळखीच्या वकिलांना आवर्जून विचारतो.

नंतर पुन्हा आकड्यांचे दिवस आले. कठुआतल्या बालिकेवरच्या बलात्कार-हत्येनंतर २०१८ मध्ये किमान शिक्षा दहा वर्षं झाली, आणि बारा वर्षांखालील मुलीसाठी फाशीपर्यंतची तरतूद आली. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्याचाही मुख्य गाजावाजा फाशीचाच.

मग डिसेंबर २०२३. दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित असताना भारतीय न्याय संहिता मंजूर झाली. तिचं कलम ६९ झरी-जामणीसाठीच लिहिलं असावं असं वाटतं : पाळायचा हेतू नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. ११४-अ नव्या साक्ष अधिनियमात कलम १२० झालं आहे, आणि ते कलम ६९ ला लागू नाही. वचन देतानाच त्याचा हेतू खोटा होता, हे सरकार पक्षानं सिद्ध करायचं. आणि त्या वचनाला साक्षीदार बहुतेक वेळा ती मुलगी एकटीच असते.