निवेदनाचा दिवस

सकाळी नऊ. कोल्हापुरातल्या औद्योगिक वसाहतीत आमच्या उद्योजक संघटनेचं ऑफिस उघडायच्या आधीच फोन सुरू होतात. वीजबिलं आलेली असतात. लोखंड वितळवणाऱ्या फर्नेसला वीज लागते ती ढिगानं. युनिटमागं थोडे पैसे वाढले तरी फाउंड्रीवाले तापतात. सचिव म्हणून माझं काम, त्या संतापातून निवेदन तयार करणं.

अकरा. मुद्दा जुनाच. २०१६ मध्ये राज्यानं विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली. औद्योगिकदृष्ट्या मागास असे डी आणि डी प्लस तालुके सोडले तर पश्चिम महाराष्ट्राला त्यात जागा नव्हती. कुणीतरी सुचवतंच, "सचिवसाहेब, कर्नाटकात जाऊ, एवढं एक वाक्य घाला." घालतो. कागल ओलांडलं की निपाणी, त्यामुळं धमकी खरी वाटते. फर्नेस, साचे, कारागीर उचलून नेणं किती अवघड, हे धमकी देणारे आणि ऐकणारे दोघंही जाणून असतात.

दीड. आमदारांची भेट. ते चहा पाजतात, मान डोलवतात. आमची अडचण इथंच आहे. सहकारी साखर कारखान्याच्या किंवा गोकुळ दूध संघाच्या मागं गावोगावचे सभासद उभे असतात, म्हणजे मतं. आमच्या सभासदांची मतं एका वॉर्डातही भरायची नाहीत. म्हणून आम्ही कामगारांच्या संख्येवर बोलतो. इतक्या हातांना काम देतो, असं सांगतो; त्या हातांना कुणी या बैठकीला बोलावत नाही. किमान वेतनाचा विषय निघाला की हेच मालक "परवडत नाही" म्हणतात. मला ते खटकतं, पण निवेदनात त्याला जागा नसते.

चार. पदाधिकाऱ्यांची बैठक. इथं सगळ्या पक्षांचे लोक आहेत, त्यामुळं ठरावात पक्षाचं नाव येत नाही. निवडणुकीत उघड पाठिंबा द्यायचा नाही, हा अलिखित नियम. वर्गणी कोण कुणाला देतो ते विचारायचं नाही, हा दुसरा.

सहा. पत्रकारांना प्रत.

रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं शिष्टमंडळ मुंबईला निघतं. दर वीज नियामक आयोग ठरवतो, मग मंत्रालयात कशाला? कारण वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे आयोगाच्या दरात सवलत द्यायची असेल, तर त्याचे पैसे राज्य सरकारनं आगाऊ भरायचे असतात.