नळ्यांच्या पंखांवर अग्निबाण

दिवाळीच्या रात्री रायपूरच्या गच्च्यांवरून जे बाण सुटतात, त्यांच्यामागे एक लांब काडी बांधलेली असते. रिकाम्या बाटलीत बाण उभा करून वात पेटवली की क्षणार्धात तो आकाशात दिसेनासा होतो. काडी मोडलेली असेल तर मात्र तोच बाण अंगणात सैरावैरा धावतो आणि वडीलधाऱ्यांची तारांबळ उडते. सरळ जायचे असेल तर बाणाला शेपटी हवी, हा धडा प्रत्येक मूल असे नकळत शिकते. याच धड्यावर एक मोठा छंद उभा आहे. तो म्हणजे उच्चशक्ती प्रतिकृती-अग्निबाण बांधण्याचा आणि उडविण्याचा.

छंदाचा जन्म

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने ‘स्पुटनिक’ हा कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेतील मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. धातूच्या नळीत घरगुती दारू ठासून केलेल्या प्रयोगांत अनेकांनी बोटे गमावली, काहींनी प्राणही. यावरचा उपाय मात्र आधीच तयार होता. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक येथील ऑर्व्हिल कार्लाइल या बूटविक्रेत्याने १९५४ मध्ये भावाच्या साहाय्याने कागदी अग्निबाण तयार केला होता. त्यात तयार मोटर बसवायची आणि उड्डाणानंतर ती बदलायची, अशी सोय होती. हॅरी स्टाइन या अभियंत्याने या कल्पनेचा प्रसार केला. देह छांदिष्टाने घडवावा, अग्नी मात्र जाणकाराने सिद्ध करावा, हा या छंदाचा पहिला नियम तेव्हापासून कायम आहे.

मोटरींची प्रतवारी इंग्रजी अक्षरांनी होते आणि प्रत्येक अक्षरागणिक दामदुपटीचा हिशेब लागतो. ‘ए’ वर्गाची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, तर ‘एच’ची ३२०, म्हणजे १२८ पट. १६० न्यूटन-सेकंदांच्या पुढे, म्हणजे ‘एच’पासून, उच्चशक्तीचा प्रांत सुरू होतो. येथे चूक झाली तर ती केवळ खेळण्यातली चूक राहत नाही.

सहा नाण्यांचे गणित

सर्वसाधारण अग्निबाणाला तीन किंवा चार सपाट पंख असतात. ते खाच पाडून अचूक कोनात बसवावे लागतात, आणि जमिनीवर आदळताना सर्वांत आधी तेच मोडतात. यावर एक सुटसुटीत तोड म्हणजे नळीपंख. एक रुपयाचे नाणे टेबलावर ठेवून त्याभोवती तशीच नाणी लावून पाहावीत. बरोबर सहा नाणी बसतात आणि प्रत्येक नाणे मधल्या नाण्याला व दोन्ही शेजाऱ्यांना टेकते. अग्निबाणाच्या बुंध्याभोवती त्याच व्यासाच्या सहा आखूड नळ्या चिकटवल्या की हीच रचना साकारते. प्रत्येक नळीला तीन बाजूंनी आधार मिळाल्याने ती मजबूत होते आणि कोन चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. अग्निबाण वाऱ्याने कलला की नळ्यांच्या आतून-बाहेरून वाहणारी हवा शेपटीला पुन्हा मार्गावर ढकलते.

याची किंमतही मोजावी लागते. नळीचा आतला व बाहेरचा, असे दोन्ही पृष्ठभाग हवेशी घासतात. त्यामुळे तेवढ्याच शक्तीत उंची कमी मिळते. शिवाय शेपटी जड होते.

रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजारात तागे ज्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळलेले असतात, तसल्या नळ्यांवर सरावाचा नमुना बांधता येतो. उच्चशक्तीसाठी मात्र नळ्यांवर काचतंतूचे कापड व इपॉक्सी राळ यांचा थर द्यावा लागतो. येथे एक सूक्ष्म गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. केवळ मधल्या नळीलाच थर दिला तर तिचा व्यास वाढतो आणि सहा पंखांमध्ये फटी राहतात. म्हणून थर सातही नळ्यांना सारखाच हवा.

तोल आधी, उड्डाण नंतर

अग्निबाणाचा गुरुत्वमध्य हा वातदाबाच्या मध्याच्या पुढे, म्हणजे नाकाच्या बाजूला, किमान एका व्यासाइतका असावा लागतो. ७.५ सेंटिमीटर व्यासाच्या अग्निबाणात हे अंतर निदान ७.५ सेंटिमीटर हवे. मोटर भरलेला अग्निबाण पट्टीच्या कडेवर तोलून गुरुत्वमध्य सापडतो. वातदाबाचा मध्य गणिताने काढावा लागतो. ‘ओपनरॉकेट’ या विनामूल्य संगणकप्रणालीत नळीपंखांचीही सोय आहे. अंतर कमी भरले तर नाकात वजन घालावे. हे काम कंटाळवाणे खरे. पण येथे वाचवलेला तास मैदानावर प्रेक्षकांच्या जिवावर बेतू शकतो.

अग्नीचा अधिकार

मोठ्या मोटरींमध्ये अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि रबरासारखा बंधक पदार्थ यांचे घन इंधन असते. अशाच प्रकारच्या घन इंधनांच्या संशोधनाला पुण्यात जन्मलेल्या डॉ. वसंत गोवारीकर यांनी केरळातील थुंबा येथे अनेक वर्षे वाहिली. १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झालेल्या ‘एसएलव्ही-३’चे चारही टप्पे घन इंधनाचे होते. जे काम तज्ज्ञांच्या पथकांनी प्रयोगशाळांत काटेकोर दक्षतेने केले, ते घराच्या ओसरीवर करण्याचे नव्हे.

कायदाही हेच सांगतो. १८८४चा स्फोटक अधिनियम आणि २००८चे स्फोटक नियम यांनुसार परवान्याशिवाय स्फोटके बनविणे गुन्हा ठरते. या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार ज्या राजधानीतून चाले, तेच हे शहर. त्याखेरीज जिल्हा प्रशासन आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांची अनुमतीही आवश्यक ठरते. रायपूरच्या आकाशात विमानांची ये-जा असते. म्हणून एकट्यादुकट्याने धाडस करण्यापेक्षा महाविद्यालयाच्या संघातून, मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली पुढे जाणे हाच राजमार्ग. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत विद्यार्थ्यांच्या संघांनी स्वतः बांधलेले अग्निबाण उडविले, हे आशादायक आहे.

मैदानावर

छत्तीसगडमध्ये अशा उड्डाणास हिवाळा अनुकूल. धानाची कापणी झालेली असते आणि मुरमाड, उजाड ‘भाठा’ जमीन मोकळी असते. वाऱ्याचा वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत हवा. मोटरीचा रेटा अग्निबाणाच्या वजनाच्या निदान पाचपट असावा, म्हणजे ३ किलोच्या अग्निबाणास सुमारे १५० न्यूटन. ‘एच’ वर्गासाठी प्रक्षेपकापासून किमान ३० मीटर दूर राहून विजेच्या कळीने प्रज्वलन करतात. मोटर पेटलीच नाही तर वीजजोड तोडून निदान एक मिनिट कोणी जवळ जायचे नाही.

मग उलटी गणना. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून भारतातला पहिला अग्निबाण झेपावला, तेव्हा ती गणना मूळचे पुण्याचे प्रमोद काळे यांनी केली होती. सहा नळ्यांचा अग्निबाण आवाज करीत वर जातो, सर्वोच्च बिंदूजवळ उंचीमापक यंत्राच्या इशाऱ्याने पॅराशूट उघडते आणि तो सावकाश खाली येतो.

सपाट पंखांच्या अग्निबाणापेक्षा त्याची उंची कदाचित कमी भरेल. पण भाठ्याच्या कठीण जमिनीवर उतरूनही त्याच्या नळ्या शाबूत राहण्याची शक्यता अधिक, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उडू शकतो. व्याज थोडे कमी आले तरी मुद्दल सुखरूप परतावे, ही जुन्या माणसांची शिकवण आकाशातही लागू पडते. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी अग्निबाणाचे स्वप्न पाहत असेल, तेथे मोठ्यांनी त्या स्वप्नाला नकार देण्याऐवजी त्याला योग्य वाट दाखवावी. त्यासाठी आरंभी सात नाणी आणि एक मोकळी संध्याकाळ पुरेशी आहे.