कानातलं परत आलं? आधी निकेल तपासा

व्हिडिओतला मुद्दा इथे नीट लिहून देतोय.

आमच्या दुकानातून कानातलं नेलेल्या एक ताई तिसऱ्या दिवशी परत आल्या. पाळी लाल, खाज, पाणी सुटलेलं. मी म्हणालो, "घामाने झालं असेल." तिथेच चुकलो.

असं बऱ्याचदा निकेलमुळे होतं. इमिटेशन दागिन्यात मुलाम्याखाली, जीन्सच्या बटणात, बेल्टच्या बकलात ते असतं. घामाने सुटतं आणि त्वचेत शिरतं. पुरळ एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून गिऱ्हाइकाला कारण कळत नाही. ही अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

मग दुकानदाराने काय करायचं?

- डायमिथिलग्लायऑक्झाइमचं टेस्ट किट ठेवा. थेंब टाकलेला बोळा दागिन्यावर घासा. गुलाबी झाला तर निकेल सुटतंय.
- मुलामा शाबूत असेल तर टेस्ट फसते. म्हणून नुसत्या टेस्टवर 'अॅलर्जी-फ्री' लिहू नका.
- त्रास झालेल्याला दागिना काढायला आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगा. पॅच टेस्टने कारण कळतं.

पैसे परत दिले तर एक नग जातो. "घामाने झालं" म्हटलं तर गिऱ्हाईक जातं!