एका तारेवरचे जग

अमेरिकेतील ‘अमेरिका ऑनलाइन’ या कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली. टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवून इंटरनेटला जोडून देणारी ही सेवा इतकी वर्षे चालू होती, याचेच अनेकांना नवल वाटले. आपल्याकडे तर आज शाळकरी मुलांना मोडेमचा तो किर्रर्र-खर्रर्र आवाज ऐकवला, तर ती यंत्र बिघडले असेच म्हणतील. पण त्यांच्या आईवडिलांच्या पिढीसाठी तो आवाज म्हणजे बाहेरच्या जगाचे दार उघडल्याची खूण होती. मुंबई-पुण्यात ते दार तसे लवकर उघडले. धामणगाव रेल्वेसारख्या गावात मात्र त्या दारापर्यंत पोचायलाच बरीच पायपीट आणि खर्च करावा लागला. त्या पायपिटीचा हिशेब मांडण्यासारखा आहे, कारण तो अजून पुरता मिटलेला नाही.

कापूस आणि तार

या गावाच्या नावातच रेल्वे आहे. वऱ्हाडात धामणगावे अनेक. अचलपूरकडे धामणगाव गढी, बुलडाण्याकडे धामणगाव बढे. तेव्हा स्टेशनचे धामणगाव ते धामणगाव रेल्वे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला, आणि यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांतून याच स्टेशनवर येऊ लागला. रुळांच्या बाजूने तारेचे खांबही आले. म्हणजे दूरच्या गावाशी क्षणात बोलणारी तार या परिसरात दीडशे वर्षांपूर्वीच पोचली होती.

ती आली कापसासाठी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः जलंब-खामगाव या छोट्या फाट्याचे उद्घाटन करायला आला. त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. तेव्हापासून वऱ्हाडातल्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजाराकडे पाहून ठरू लागला. पुढे तर न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते-बंद होते आकडे तारेने मुंबईला येत आणि त्यावर सट्टा खेळला जाई. आकड्याच्या जुगाराचे मूळ तेच. व्यापाऱ्याला भाव आधी कळे, गाडीवाल्या शेतकऱ्याला नंतर. तार गावात असणे निराळे आणि ती आपल्या हातात असणे निराळे, हा धडा वऱ्हाडाने तेव्हाच शिकला होता.

सेकंदाला हजारभर अक्षरे

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यापूर्वी १९८६ पासून ‘अर्नेट’ या जाळ्यातून मुंबईचे एनसीएसटी, आयआयटी अशा मोजक्या संस्था जोडल्या गेल्या होत्या, पण तो विद्वानांचा कारभार होता. १९९५ ची सेवा पैसे भरणाऱ्या कोणालाही खुली झाली. वेग सेकंदाला ९,६०० बिट. मोडेम प्रत्येक अक्षराच्या आधी एक आणि नंतर एक खुणेचा बिट जोडतो, म्हणजे अक्षरामागे दहा बिट. या हिशेबाने सेकंदाला फार तर ९६० अक्षरे. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचे स्वस्त खाते होते, पण त्यात फक्त अक्षरे दिसत. चित्रे पाहायची तर हजारो रुपये मोजावे लागत.

आजच्या मापाने पाहू. एक मेगाबाइटची फाइल या वेगाने उतरवायला अठरा मिनिटे लागत. आज सकाळी सकाळी नातेवाइकांच्या गटावर येणारा सोळा मेगाबाइटचा एखादा व्हिडिओ तेव्हा आणायचा म्हटला, तर पावणेपाच-पाच तास फोन अडकून पडला असता. आणि मधे एकदा लाइन तुटली की बहुधा पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा.

जुन्या यंत्राची तयारी

तालुक्याच्या गावात संगणक येई तो बहुधा मोठ्या शहरात वापरून झालेला. ४८६ जातीचा, चार किंवा आठ मेगाबाइट मेमरीचा, विंडोज ३.१ चालवणारा. या यंत्राला इंटरनेट ठाऊकच नव्हते. त्यात मोडेम जोडणे म्हणजे जुन्या वाड्यात वीज घेण्यासारखे. प्रत्येक भिंतीत काहीतरी निघे.

पहिली अडचण मागच्या सीरियल पोर्टची. जुन्या यंत्रात त्या पोर्टमागे ८२५० नावाची चिप असे. ती एका वेळी एकच अक्षर धरून ठेवी. मोडेम वेगवान असला आणि संगणक क्षणभर दुसऱ्या कामात गुंतला, की मागून आलेले अक्षर आधीच्या अक्षराला पुसून टाकी. सोळा अक्षरे साठवणारी १६५५०ए ही चिप असलेले कार्ड बसवले की तेच यंत्र सुरळीत चाले.

दुसरी अडचण माऊसची. कॉम-१ आणि कॉम-३ हे दोन पोर्ट प्रोसेसरला हाक मारायला एकच वाट वापरीत. माऊस कॉम-१ वर आणि आतले मोडेम कॉम-३ वर बसवले, की माऊस हलवताच जोडणी गोठे. दुकानदार म्हणे मोडेम खराब, मोडेमवाला म्हणे संगणक खराब. खरे तर मोडेम कॉम-२ किंवा कॉम-४ वर सरकवले की भांडण मिटे. पुढे स्वस्त ‘विन-मोडेम’ आली. त्यांचे बरेचसे काम संगणकाच्या प्रोसेसरलाच करावे लागे आणि ४८६ ला ते झेपत नसे.

तिसरी अडचण सॉफ्टवेअरची. इंटरनेटची भाषा विंडोज ३.१ ला शिकवावी लागे. त्यासाठी जगभर वापरला गेलेला ‘ट्रम्पेट विनसॉक’ हा प्रोग्रॅम ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या पीटर टॅटम यांनी लिहिला होता. तो वापरून आवडला तर पैसे पाठवा, अशी योजना होती. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो लाखोंनी उतरवून घेतला. पैसे पाठवणारे थोडेच निघाले. विंडोज ९५ आल्यावर ही सोय आतच मिळू लागली.

पल्स आणि टोन

एवढे जमले तरी शेवटचा शब्द टेलिफोनच्या तारेचा. अमेरिकेत बनलेले मोडेम तिकडच्या डायल टोनची सवय घेऊन येई. आपल्याकडचा टोन त्याला ओळखू येईना, आणि ‘डायल टोन नाही’ म्हणून ते हटून बसे. मग त्याला ‘एटीएक्स३’ अशी आज्ञा द्यावी लागे. तिचा अर्थ इतकाच की टोनची वाट पाहू नकोस, सरळ नंबर फिरव. एक्स्चेंज जुने असेल तर टोनऐवजी पल्सने, म्हणजे चकतीच्या फोनसारखे टक-टक करत नंबर फिरवायला सांगावे लागे. त्यासाठी आज्ञेत ‘टी’च्या जागी ‘पी’.

मग तो प्रसिद्ध आवाज. पलीकडचे मोडेम प्रथम २,१०० हर्ट्झचा एक लांब सूर देई. त्या सुराने टेलिफोन यंत्रणेतले प्रतिध्वनी दाबणारे उपकरण बंद पडे, कारण दोन्हीकडून एकाच वेळी बोलायचे असे. त्यानंतरची खरखर म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांना केलेली विचारपूस: तार कशी आहे, किती वेग झेपेल, कुठे गोंगाट आहे. माणसाच्या आवाजासाठी बांधलेल्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झचेच सूर जातात. त्या अरुंद पट्टीत सगळे बसवायचे. १९९८ मध्ये ५६ के मोडेमचे मानक ठरले. पण तो वेग मिळायला एक्स्चेंजपासून पुढचा सारा मार्ग डिजिटल लागे आणि घरापर्यंतची तार स्वच्छ. पावसाळ्यात जोडात पाणी शिरले की खोक्यावर ५६ लिहिलेले मोडेमही त्याच्या निम्म्यावर येई. मृगाच्या विजा कडाडू लागल्या की शहाणी माणसे फोनची पिनच काढून ठेवीत. तारेवरून आलेल्या एका झटक्यात मोडेम जाई, कधी त्याबरोबर मदरबोर्डही.

आणि घरात फोन एकच. मुलगा जोडणीवर बसला की बाहेरच्याला तासभर एंगेज टोन. दुसऱ्या दिवशी रस्त्यात कोणीतरी हटकून विचारणार, ‘तुमचा फोन काहून लागत नाही जी?’

अंतराची किंमत

खरी मेख होती ती पैशात. सुरुवातीला इंटरनेटची केंद्रे मोजक्या मोठ्या शहरांत होती. मुंबईचा माणूस लोकल कॉल करून जोडला जाई. तीन मिनिटांचा एक कॉल धरला तर तासाला वीस कॉल. धामणगावच्या माणसाला त्याच मुंबईच्या केंद्राशी जोडायचे तर सातशे किलोमीटरांचा एसटीडी. दर अंतराप्रमाणे वाढता, मीटर सेकंदागणिक पळते. खाते दोघांचे एकाच किमतीचे, पण दाराशी पोचण्याचे भाडे गावाच्या माणसाला कितीतरी पट. म्हणून रात्री उशिरा, सवलतीचा पाव दर सुरू झाला की जागायचे. एसटीडी बूथसमोर रात्री रांगा लागत, तशीच ही घरातली एकट्याची रांग.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा खुली झाली. दूरसंचार खात्याने, आणि १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमने, जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रे उभारली. १७२ ने सुरू होणारा क्रमांक फिरवला की स्थानिक दरात जोडणी मिळू लागली. मोडेम तेच, तार तीच, संगणकही तोच. फक्त दर आकारण्याचा नियम बदलला आणि लहान गावे एका रात्रीत शहराच्या जवळ आली. तंत्रज्ञानाच्या गोष्टी सांगताना आपण यंत्राचे कौतुक करतो. इथे काम केले ते दरपत्रकातल्या एका ओळीने.

आधी लिहा, मग जोडा

महागाईने एक शिस्तही लावली. पत्र आधी लिहून ठेवायचे, दोनदा वाचायचे, मग जोडणी करून अर्ध्या मिनिटात पाठवायचे, आलेली पत्रे उतरवून घ्यायची आणि लगेच फोन सोडायचा. वाचन नंतर निवांत. परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र टपालाने यायला आठ-पंधरा दिवस लागत, ते आता दुसऱ्या दिवशी येई. मात्र ते येई रोमन लिपीत. देवनागरीचे फॉन्ट प्रत्येकाचे वेगळे. एकाकडे लिहिलेली मराठी दुसऱ्याकडे चिन्हांचा भाजीपाला होऊन दिसे. युनिकोड घराघरातल्या संगणकात रुळेपर्यंत हा घोळ चालला. आईने लिहिलेले खुशालीचे पत्र रोमन अक्षरांत वाचताना ‘न’ आहे की ‘ण’ हे मुलानेच ठरवायचे.

जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमचे ब्रॉडबँड आले. त्याच तांब्याच्या तारेवर, पण आवाजाच्या पट्टीच्या वरच्या पट्टीत. फोन आणि इंटरनेट एकदम चालू लागले आणि मोडेमची किरकिर मावळली. पुढे मोबाइल आला आणि पुष्कळ घरांतून तारही गेली.

हरिसालपर्यंत

म्हणून अंतर संपले का? याच अमरावती जिल्ह्यात मेळघाटातले हरिसाल २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रकल्पातून ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. डोंगर आणि जंगलामुळे तिथे साधा मोबाइल सिग्नल पोचवणेही अवघड. २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर गेल्या, तेव्हा सिग्नलसाठी टेकडीवर, झाडाखाली बसलेली मुले महाराष्ट्राने पाहिली. पूर्वी एसटीडीचे मीटर पळे. आता डेटाचा पॅक आणि महागडा हँडसेट. शिवाय पाने जड झाली. ९,६०० बिटांच्या काळात संकेतस्थळ बनवणारा एकेक चित्र तोलून टाकी. आज पीकविम्याचा किंवा प्रवेशाचा अर्ज जुन्या फोनवर उघडताना जो गोल फिरत राहतो, त्याचे कारण पुष्कळदा तारेत नसते. अर्ज बनवणाऱ्याने आपल्या टेबलावरचा वेग सगळ्यांचा गृहीत धरलेला असतो. कापसाचा भाव असो वा परीक्षेचा निकाल, तो वेळेत हाती पडणे ही चैन नव्हे, गरज आहे. तेव्हा जोडणी दिली एवढ्यावर काम संपत नाही. ती वापरायला काय पडते, हेही पाहावे लागते.

जाता जाता एक घरगुती सूचना. अनेकांच्या माळ्यावर तो जुना संगणक अजून असेल. भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याची हार्ड डिस्क काढून घ्या. आतली छोटी बॅटरी संपल्यामुळे यंत्र सुरू होत नसले तरी डिस्क बहुधा शाबूत असते. जुनी डिस्क नव्या संगणकाला जोडणारे यूएसबी अडॅप्टर मिळते. त्या काळची पत्रे कंपनीच्या सर्व्हरवर राहत नसत, तुमच्याच डिस्कवर उतरत. ‘युडोरा’सारख्या प्रोग्रॅमने ती साध्या अक्षरांच्या फाइलीत साठवलेली असतात आणि आजही कोणत्याही संगणकावर वाचता येतात. मुलीचे वसतिगृहातले पहिले पत्र किंवा आजोबांनी एका बोटाने टाइप केलेला आशीर्वाद त्यात सापडेल. दर मिनिटाला पैसे मोजून आणलेली ती अक्षरे आहेत. ती एकदा वाचून, जपून ठेवायला हवीत.